दोघांचंही रक्त

आशाताईचा फोन आला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातली डॉक्टर म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याच्या या टोकाला, सिहोरा भागात काम करताना एक गोष्ट पक्की कळली आहे. बाळाचं काही बिनसलंय हे सगळ्यांत आधी आशाला कळतं. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती घरी जाते, झोळीच्या काट्यावर बाळ तोलते, अंगाला हात लावून पाहते. आजाराचं नाव तिला ठाऊक नसेल, पण गावातल्या बाळांची तिच्या हातांना इतकी सवय असते की वेगळं बाळ तिला लगेच जाणवतं.

असाच एक फोन ऐन धानाच्या रोवणीत आला. “म्याडम, लेकराचं वजन काई वाढत नाई. अन् रडते तं रडन्यासारखं वाटतच नाई जी. मांजरीच्या पिल्लावानी बारीक आवाज येते. तुमी एकदा पाहून जा.”

पुढे जे सांगते आहे त्यात त्या घराची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. गाव सांगत नाही आणि काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. आजार आणि माणसांचं वागणं मात्र तसंच आहे.

बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या बांध्यांत बाया ओळीने वाकून पऱ्हे लावत होत्या. सासू रोवणीतूनच उठून आलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल. सून सपरीत खाटेवर, मांडीवर बाळ. शेजारी तीन वर्षांची थोरली मुलगी, धडधाकट आणि बडबडी. बाळाचा बाप हैदराबादला बांधकामावर होता.

मी बाळाचं डोकं टेपने मोजलं. तक्त्यावरच्या सगळ्यांत खालच्या रेषेच्याही खाली आकडा आला. दोन डोळ्यांत अंतर जास्त, आतल्या कोपऱ्यांवर कातडीची घडी, हनुवटी आखूड, कान जरा खाली. मूठ उघडून पाहिली तर तळहातावर एकच आडवी रेघ. अंग सैल. छातीला लावलं की दोन-चार घोट घेऊन दमायचं, म्हणून आई दूध पिळून वाटी-चमच्याने पाजत होती, आणि प्रत्येक चमच्यानंतर थांबून बाळाचा श्वास पाहत होती. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी तळपायाला टिचकी मारली तेव्हा बाळ रडलं. उंच, बारीक, एकाच पट्टीतला आवाज. सासूने पदर तोंडाला लावला.

पाचव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूचा टोकाकडचा तुकडा नसला की स्वरयंत्राची घडण नीट होत नाही आणि रडण्याचा आवाज असा होतो. १९६३ साली पॅरिसमध्ये जेरोम लजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं. मांजराच्या आवाजावरूनच त्याचं फ्रेंच नाव ‘क्री द्यू शा’ असं पडलं. साधारण १५ हजार ते ५० हजार जन्मांमागे एक बाळ असं असतं. म्हणजे एखाद्या डॉक्टरच्या आख्ख्या नोकरीत एकही दिसणार नाही असं होऊ शकतं. मूल मोठं होतं तसा तो आवाज बदलतो, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत कुणाच्या कानावर पडला नाही तर ही खूण निसटते. त्या आशाच्या कानांनी ती निसटू दिली नाही.

घरात मी आजाराचं नाव घेतलं नाही. बाळाला नागपूरला दाखवावं लागेल, रक्त तपासावं लागेल, हृदयाची सोनोग्राफी करावी लागेल, एवढंच सांगितलं. “भंडाऱ्याले ठेवाव नाई लागनार ना?” सासूने पहिला प्रश्न हा विचारला. ८ आणि ९ जानेवारी २०२१ च्या मधल्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, ती रात्र या जिल्ह्यातल्या आज्या विसरलेल्या नाहीत, आणि त्यांनी विसरावं असं मला वाटतही नाही. मी तिला कागदावर सगळा क्रम लिहून दिला : तुमसर, मग तुमसर रोड स्टेशनवरून गाडी, नागपूर, बालरोग विभाग, कुणाला भेटायचं.

हृदय ठीक निघालं. रक्ताचा अहवाल यायला वेळ लागला आणि आला तेव्हा त्यात दोन गोष्टी होत्या. पाचव्या गुणसूत्राचं टोक गेलेलं होतं, हे अपेक्षित होतं. पण त्याच बाळात अकराव्या गुणसूत्राच्या टोकाकडचा एक तुकडा जास्तीचा होता. एकाचं टोक कमी आणि दुसऱ्याचं टोक जास्त, असं एकाच बाळात दिसलं की नजर आईबापांकडे वळली पाहिजे. दोघांपैकी एकाच्या शरीरात या दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असण्याची दाट शक्यता असते. त्याला स्थानांतरण म्हणतात.

कागद घरी आला तेव्हा दोष कुणाचा, यावर घराचा निकाल आधीच लागलेला होता. सून ग्रहणात चुलीजवळ बसली होती. सुनेच्या माहेरी कुणाचा तरी मुलगा ‘अर्धवट’ होता. सुनेने गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत. शेजारच्या बायांनी त्यात आपापली भर घातली होती. सून काही बोलत नव्हती. तिची आई लेकीजवळ राहायला आली होती, तीही मान खाली घालून भांडी घासायची. मी त्या घरात गेले की दोघी माझ्याकडे अशा बघायच्या की मी आता नेमकं तेच सांगणार आहे.

या भागात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. शाळेत रक्ताचा थेंब घेतात, वाहक असेल तर सांगतात, दोन वाहकांनी आपसात लग्न करू नये असं समजावतात. वर्षानुवर्षांच्या त्या कामाने लोकांच्या मनात एक हिशेब घट्ट बसला आहे, की आजार दोघांकडून येतो. सिकलसेलसाठी तो हिशेब अगदी बरोबर आहे. इथे तो चुकतो. स्थानांतरणात एकाकडून आलं तरी पुरतं, दुसऱ्याची गुणसूत्रं पूर्ण चांगली असू शकतात. आणि तो एक जण बाईच असेल असं काही नाही. सून म्हणाली, “मायी सिकलसेलची तपासनी झाली होती लग्नाच्या आधी, चांगली आली होती.” ती जणू स्वतःच्या बाजूने पुरावा मांडत होती. मी तिला सांगितलं की त्या तपासणीत हे दिसतच नाही, आणि हे पाहण्यासाठी नवऱ्याचंही रक्त लागेल.

“त्याचं कायले?” सासू म्हणाली. “पोटात तं हिच्या होतं.”

हा प्रश्न मला पुष्कळ घरांत भेटतो, शिकलेल्या घरांतही. बाप तपासणीला येतच नाही. तो कामावर असतो, दूर असतो, किंवा त्याला येण्याची गरज आहे असं कुणी त्याला सांगितलेलंच नसतं. आईचं रक्त घेतलं जातं, ते चांगलं निघतं, आणि मग फाईल बंद होते. मला या कामात सगळ्यांत जास्त बोचणारी गोष्ट कुठली, तर ही. आईचा अहवाल चांगला आला म्हणून तिच्यावरचा आळ जात नाही, आणि बापाचा अहवाल नाही म्हणून पुढच्या बाळाचा धोका कळत नाही.

रक्त कशात आणि कसं घ्यायचं हेही सांगते, कारण तिथेही नमुने वाया जातात. ही तपासणी जिवंत पेशींवर होते. आमच्या दवाखान्यांत रोजच्या वापराला जांभळ्या झाकणाच्या नळ्या असतात. त्यातलं रक्त सीबीसीला चालतं, पण गुणसूत्रांच्या चित्रासाठी हेपॅरिनची, हिरव्या झाकणाची नळी लागते. नमुना गोठवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, शक्यतो चोवीस तासांत, फार तर दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवायचा. तिथे पांढऱ्या पेशी शरीराच्या तापमानाला सुमारे ७२ तास वाढवतात, पेशी दुभंगायला लागल्या की औषध घालून त्यांना तिथेच अडवतात, अगदी सौम्य क्षाराच्या पाण्याने फुगवतात, काचेवर पसरून रंग देतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका गुणसूत्राचे पट्टे दिसतात आणि माणूस बसून त्यांच्या जोड्या लावतो. माणसाची गुणसूत्रं ४६, हा आज शाळेतल्या मुलाला पाठ असलेला आकडासुद्धा १९५६ सालीच नक्की झाला. स्वीडनमध्ये जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी तो मोजून दाखवला. त्याआधी कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत ४८ छापलं जात होतं.

ही तपासणी जुनी आहे म्हणून आता काही ठिकाणी तिला बाजूला सारतात. मायक्रोअ‍ॅरे नावाची नवी तपासणी फार बारीक तुकड्यांची कमी-जास्त पकडते, बाळासाठी ती उत्तमच. पण ती माप मोजते, जागा सांगत नाही. ज्याच्या शरीरात तुकड्यांची नुसती अदलाबदल झाली आहे, काही कमी नाही की जास्त नाही, त्याचा मायक्रोअ‍ॅरे अगदी चांगला येतो. अशा बापाला महागडी तपासणी करून ‘तुम्ही ठीक आहात’ असं सांगणं म्हणजे त्याला अंधारात परत पाठवणं. आईबापांसाठी पट्ट्यांचं जुनं चित्रच हवं.

दसऱ्यानंतर धान कापणीला बाप गावी आला. दोघांचं रक्त एकाच सकाळी घेतलं. तो आधी हसत होता, सुई लावताना मात्र बायकोकडे बघून म्हणाला, “निंघू दे मायातलंच.” त्याला आजार कळलेला नव्हता, पण घरात काय चाललंय हे कळलं होतं.

त्याच्यातच निघालं.

त्याला ते समजावून सांगायला मी सातबाऱ्याचा आधार घेतला. या भागात शेतजमिनीची अदलाबदल माणसाला मुद्दाम शिकवावी लागत नाही. समज, मी म्हटलं, तुझ्याकडे पाच नंबरच्या गटाचे दोन उतारे आहेत आणि अकरा नंबरच्या गटाचे दोन. एका पाच नंबरातली टोकाची बांधी एका अकरा नंबरात गेली, आणि अकरामधली पाचात आली. तुझी एकूण जमीन तेवढीच, एक गुंठाही कमी नाही, म्हणून तू धडधाकट. पण लेकराला तू प्रत्येक नंबराचा एकेकच उतारा देतोस. दोन्ही साधे दिले तर लेकरू पूर्ण चांगलं. दोन्ही अदलाबदलीचे दिले तर ते तुझ्यासारखं, म्हणजे चांगलंच. पण अदलाबदलीचा पाच आणि साधा अकरा दिला, तर पाचातली बांधी त्याला मिळतच नाही आणि अकरातली एक जास्तीची मिळते. तुझ्या बाळाला तसं झालं. चौथी शक्यता याच्या उलट.

तो बराच वेळ बोटांवर काहीतरी जुळवत राहिला. मग म्हणाला, “म्हंजे मोठ्या पोरीले जोडीनं भेटले.”

बरोबर होतं. दोन्ही साधे किंवा दोन्ही अदलाबदलीचे, यापैकी कोणते ते माहीत नाही, पण जोडीने. कागदावर या चार शक्यता सारख्या दिसतात, प्रत्यक्षात त्या सारख्या प्रमाणात घडत नाहीत. तुकडा केवढा आहे, कुठल्या गुणसूत्राचा आहे, यावर काही गर्भ आधीच गळून पडतात. मात्र ज्या घरात असं बाळ जिवंत जन्माला आलं आहे, त्या घरात पुन्हा तसं होण्याचा धोका जास्त धरावा लागतो. आणि अशी अदलाबदल फार दुर्मीळही नाही. साधारण पाचशे माणसांमागे एकात ती असते. सिहोऱ्याच्या भरल्या बाजारात अशी एखाद-दुसरी व्यक्ती सहज असेल. तिला कधी कळणारही नाही, कारण तिला स्वतःला कसलाच त्रास नसतो.

इथे एक गोष्ट घाईने सांगावीशी वाटते, कारण हे वाचून कुणी आईबाप घाबरतील. क्री द्यू शा असलेल्या बहुतेक बाळांत तुकडा नव्याने तुटलेला असतो, आईबापांत काहीच नसतं. आईबापाच्या स्थानांतरणातून आलेली बाळं शंभरात दहा-पंधराच. म्हणजे दोघांचं रक्त तपासलं तर बहुतेक घरांत दिलासाच मिळतो : दोघंही चांगले आहात, पुन्हा असं होण्याची शक्यता अगदी थोडी. हा दिलासा देण्यासाठीही तपासणी दोघांची हवी. नाहीतर ते जोडपं भीतीनेच दुसरं मूल होऊ देत नाही.

सासूला मी वेगळं बसवून सांगितलं. मुलात हे आहे म्हटल्यावर तिला राग येईल असं वाटलं होतं. ती आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “माये बी पोटातले दोन गेले होते म्याडम. अन् एक पोरगा झाला, आठवडाभर राहिला. तोही असाच बारीक रडे.”

ती गोष्ट तिने इतक्या वर्षांत मुलांनाही सांगितलेली नव्हती. तिच्या सासरी तेव्हा काय काय बोललं गेलं असेल ते ती सुनेबद्दल जे बोलली होती त्यावरून मला कळत होतं, शब्दसुद्धा बहुधा तेच असतील. तिने स्वतःहून रक्त दिलं. तिच्या गुणसूत्रांत काही निघालं नाही. तोवर तिच्या मुलीचाही अहवाल आला होता, त्याबद्दल पुढे सांगते. एका आईच्या दोन लेकरांत तीच अदलाबदल आणि आईत नाही, म्हणजे ती जवळपास नक्की त्यांच्या बापाकडून, सासूच्या नवऱ्याकडून आली. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी हे सांगितलं तेव्हा ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, “बुढा तं गेला. आता कोनाले बोलू?”

कुणालाच बोलायचं नाही, मी म्हटलं. त्यांनाही ते जन्मतःच मिळालं होतं, त्यांनी काही केलं नव्हतं. तिला हे पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्या दिवसानंतर त्या घरात ग्रहणाचा विषय निघाला नाही, आणि विहिणीने लेकीला सोडून गावी परत जायचं ठरवलं.

आता मुलीची गोष्ट. आमच्याकडची रोटी-बेटी नदीपलीकडे चालते. नदी ओलांडली की मध्य प्रदेश, बालाघाट जिल्हा. वारासिवनी, कटंगीकडे या भागातल्या कितीतरी मुली दिलेल्या आहेत. बापाची धाकटी बहीण तशीच तिकडे होती आणि तिला पाठोपाठ गर्भपात झाले होते. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांत चार-पाच जोडपी अशी असतात की दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांत हीच भानगड असते. भावाचा अहवाल हातात असताना बहिणीला ते न सांगणं मला चुकीचं वाटलं. पण माझी रेफरल चिठ्ठी नदीपलीकडे चालत नाही, आणि तिच्या सासरी मी फोन करणं योग्यही नव्हतं. ही माहिती पहिल्यांदा तिची. नवऱ्याला, सासूला सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे तिने ठरवायचं. भावाला मी एवढंच म्हटलं की भाऊबीजेला येईल तेव्हा तिला माझ्याकडे घेऊन ये.

ती आली. मंडईच्या जत्रेचे दिवस होते, गावात रात्री दंडारीचा खेळ होता, दिवसा ती भावासोबत दवाखान्यात. तिने आपली फाईल पिशवीतून काढली, त्यात सोनोग्राफीचे अहवाल होते, एका बाबांचा अंगारा होता आणि काय काय खायचं नाही त्याची यादी. अहवाल आला तेव्हा मी तिला फोनवर न सांगता पुन्हा बोलावलं. ऐकून घेतल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, “म्हंजे मी पपई खाल्ली म्हनून नाई झालं ना जी?”

नाही झालं. हे वाक्य मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, तिच्या नवऱ्यालाही पुढे सांगितलं, कारण त्याला तिने स्वतः घेऊन यायचं ठरवलं. तिकडे नेण्यासाठी तिला दोन पानी पत्र लिहून दिलं, भावाच्या आणि तिच्या अहवालाची प्रत जोडून, म्हणजे बालाघाटच्या किंवा नागपूरच्या कुठल्याही डॉक्टरला सुरुवातीपासून सुरुवात करावी लागू नये.

दोन ठिकाणी मात्र मी थांबले. थोरल्या मुलीचंही रक्त तपासा असा आजीचा आग्रह होता. मी नाही म्हटलं. मुलगी निरोगी आहे, अदलाबदल तिच्यात असली तरी तिला आज त्याचा काही उपयोग नाही. पण एकदा कागद झाला की तो गावात फिरणार, आणि पंधरा वर्षांनी सोयरीक जुळवताना तो कागद तिच्याआधी पोचणार. ती मोठी झाली की तिला सांगा, तिला हवं असेल तर ती तपासेल. आईबापांकडे तसं लिहून ठेवलं आहे. दुसरा, बापाचा धाकटा भाऊ, लग्नाचा. तो म्हणाला, लग्न झाल्यावर पाहू. त्याला भीती होती ती मला कळते. वाहक निघाला तर पोरगी कोण देणार? मी त्याला आग्रह केला नाही. पण लग्न झाल्यावर बायकोला दिवस जाण्याआधी ये, तिला अंधारात ठेवू नकोस, एवढं स्पष्ट सांगितलं. तो अजून आलेला नाही, आणि मला त्याची काळजी वाटते.

पुढच्या खेपेचं काय, हे बाळाच्या आईबापांनी विचारलं तेव्हा सून दबक्या आवाजात म्हणाली, “पोटातली तपासनी केली तं जेल होते ना?” आमच्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर गर्भलिंगनिदान गुन्हा आहे अशी पाटी आहे, असायलाच हवी. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. पण त्याच कायद्यात गुणसूत्रांच्या आजारासाठी, नोंदणीकृत केंद्रात, बाईच्या लेखी संमतीने, तिला समजेल अशा भाषेत सांगून तपासणी करता येते. मुलगा की मुलगी हे तिथे कुणी सांगत नाही, सांगायचं नसतंच. पाटी वाचून ज्यांना हक्काची तपासणीही गुन्हा वाटू लागली आहे त्यांना हा फरक आपणच समजावला पाहिजे. अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा सोळा-अठरा आठवड्यांत गर्भजल काढून गुणसूत्रं पाहतात. अहवालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. म्हणून दिवस गेल्याचं कळताच यायचं, पाचव्या महिन्यात नाही. गर्भात गंभीर व्यंग निघालं आणि जोडप्याला गर्भ ठेवायचा नसेल तर २०२१ च्या दुरुस्तीने २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने मार्ग आहे, पण उशीर झाला तर बाईच्या शरीराला आणि मनाला तो फार जड जातो. टेस्ट ट्यूबमध्ये गर्भ तपासून मग गर्भाशयात सोडण्याचीही सोय आहे. तिचा खर्च धानाच्या शेतकऱ्याला झेपणारा नाही, तरी मी तिचं नाव घेते, ते न सांगणं मला बरोबर वाटत नाही. तपासणी करायची की नाही, निघालं तर काय करायचं, हे मी सांगत नाही. त्या दोघांनी ठरवायचं. तपासणीच नको, जे येईल ते आमचं, असंही कुणी म्हणू शकतं.

बाळ आता भंडाऱ्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जातं. मान सावरायला, बसायला त्याला इतरांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला. बोलणं फारसं येणार नाही कदाचित, म्हणून फिजिओथेरपीबरोबर हातवाऱ्यांनी मागायला शिकवतात. पाण्यासाठी अंगठा तोंडाकडे नेणं त्याला येतं. आजी दर वेळी त्याला हे मला करून दाखवायला लावते. या आजाराची मुलं मोठी होतात, चालतात, माणसं ओळखतात, घरात रमतात, आणि लवकर सुरुवात केली तर जास्त शिकतात. बाप हैदराबाद सोडून आला नाही, सोडणं परवडणार नव्हतं, पण तपासणीच्या तारखा तो स्वतः लक्षात ठेवतो आणि आदल्या रात्री फोन करतो.

मी आता व्यंग असलेल्या बाळाच्या रेफरल चिठ्ठीवर ‘काय दिसलं’ याच्या खाली तीन ओळी स्वतःहून लिहिते. बाळात तुकडा कमी-जास्त निघाला तर आईचं आणि वडिलांचं, दोघांचंही रक्त, पट्ट्यांच्या गुणसूत्र-चित्रासाठी, हिरव्या नळीत. दोन्ही घरांत गर्भपात, लहानपणी गेलेली बाळं, मूल न होणं, आहे का. दोघांची भावंडं किती, कुठे दिली आहेत. छापील नमुन्यात या ओळींना जागा नाही, म्हणून समासात लिहाव्या लागतात. जिल्ह्याच्या आढाव्यात मी हा रकाना छापून घ्यावा असं मांडलं आहे आणि मांडत राहणार आहे. तोवर आमच्या भागातल्या प्रत्येक आशाताईला मी एवढंच पाठ करून घ्यायला सांगते, की बाळाचं काही निघालं तर बाप कुठेही असो, त्याचा फोन नंबर त्याच दिवशी लिहून घ्यायचा.